दुसऱ्याच्या खिशातला पगार

अठराव्या शतकातल्या लंडनमधली गोष्ट आहे. सर टिमथी वॉल्डो नावाचे गृहस्थ ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या वाड्यावर जेवायला गेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जेवण आटोपून निघणाऱ्या पाहुण्यासाठी घरातली सगळी नोकरमंडळी दारापर्यंत रांगेत उभी राहायची. कुणी हॅट हातात द्यायचा, कुणी हातमोजे, कुणी छडी आणि प्रत्येकाच्या तळहातावर नाणं ठेवत पाहुण्याने बाहेर पडायचं. वॉल्डोंनी स्वयंपाक्याच्या हातावर एक क्राउन ठेवला, म्हणजे पाच शिलिंगांचं चांदीचं नाणं. स्वयंपाक्याने ते परत केलं आणि आपण चांदी घेत नाही असं सांगितलं. वॉल्डोंनी नाणं खिशात टाकलं, आपण सोनं देत नाही असं उत्तर दिलं आणि ते चालते झाले.

जोनास हॅन्वे या समाजसुधारकाच्या नावाबरोबर ही हकीकत सांगितली जाते. १७६०च्या सुमारास त्याने या प्रथेविरुद्ध पत्रं लिहून छापली होती. पाहुण्यांनी नोकरांना द्यायच्या या पैशांना तेव्हा ‘व्हेल्स’ म्हणत. मध्यम स्थितीतल्या माणसाला बड्या घरचं आमंत्रण आलं की आनंदाआधी धास्ती वाटायची, कारण फुकटचं जेवण खानावळीतल्या जेवणापेक्षा महाग पडायचं. पत्त्यांचा डाव झाला तर पत्त्यांचे पैसेही पाहुण्यांनीच मेजावर ठेवायचे आणि तेही नोकरांकडे जायचे. नोकरी धरताना नोकर आधी चौकशी करत, की या घरी पाहुण्यांचा राबता किती? राबता मोठा असेल तर कमी पगारातही ते यायला तयार असत. यजमान दिलदार म्हणून मिरवायचा आणि त्याच्या माणसांच्या पोटाची सोय त्याचे पाहुणे करायचे.

स्कॉटलंडमधल्या आणि मग इंग्लंडमधल्या काही उमरावांनी ही प्रथा मोडायचं ठरवलं, तेव्हा नोकर चवताळले. १७६४मध्ये लंडनच्या रानेला बागेत त्यांनी दंगा केला. बंदीच्या बाजूच्या सभ्य गृहस्थांची हुर्यो उडवली, दिवे फोडले. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग बहुतेक गमतीचा म्हणून येतो. मला तो गमतीचा वाटत नाही. त्या नोकरांच्या दृष्टीने ती सरळसरळ पगारकपात होती. पुढे ज्या घरांनी व्हेल्स बंद केले त्यांना पगार वाढवावे लागले आणि पगार वाढले तिथे तंटा मिटला.

टीप किती द्यावी, द्यावीच का, हल्ली लोक फार मागायला लागलेत का, हे वाद आज जगभर चालू आहेत. त्यात बहुतेक वेळा देणाऱ्याचा कंजूषपणा आणि घेणाऱ्याचा हावरेपणा यांचीच तुलना होते. तिसरा माणूस, म्हणजे ज्याच्याकडे घेणारा नोकरीला आहे तो, या चर्चेत दिसतच नाही. टीपेचा इतिहास मागे मागे चाळत गेलं की जिथे जिथे ती वाढली, सक्तीची झाली, तिथे तिथे हा तिसरा माणूस सापडतो. पगाराचा काही भाग त्याने आपल्या वहीतून काढून गिऱ्हाइकाच्या खात्यावर लिहिलेला असतो.

टीपेचं आजचं माहेरघर म्हणजे अमेरिका. पण तिथे ही चाल उशिरा आली. राजा-उमराव नाकारून जन्माला आलेल्या देशात कुणी कुणाच्या हातावर नाणं ठेवणं म्हणजे दोघांचाही अपमान, अशी भावना तिथे बराच काळ होती. यादवी युद्धानंतर युरोपची सफर करून आलेले श्रीमंत ही पद्धत सोबत घेऊन आले, असं सांगतात. ते खरंही आहे. पण श्रीमंतांच्या हौसेने एखादी चाल फार तर काही मोठ्या शहरांत रुजते, सगळ्या देशाच्या हाडीमासी मुरत नाही. ती मुरली, कारण १८६५मध्ये गुलामगिरी संपली आणि लाखो माणसं मोकळी झाली, ज्यांच्याकडे जमीन नव्हती, भांडवल नव्हतं, आणि ज्यांच्या श्रमाला पगार द्यायची सवय मालकवर्गाला नव्हती.

जॉर्ज पुलमनने १८६७मध्ये आपली कंपनी स्थापन केली. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी तो झोपायचे आलिशान डबे बांधून भाड्याने देई. डब्यात मखमल, आरसे, पितळी दिवे, आणि दिमतीला एक पोर्टर. हे पोर्टर त्याने मुद्दाम कृष्णवर्णीयांतून निवडले, सुरुवातीला बरेचसे नुकतेच गुलामीतून सुटलेले. दिवसा बैठकीची आसनं, रात्री त्याच आसनांचे बिछाने. चादरी घालायच्या, अभ्रे बदलायचे, सामान चढवायचं-उतरवायचं, प्रवासी झोपले की त्यांचे बूट गोळा करून पॉलिश करायचे. पॉलिशचा डबा पोर्टरने स्वतःच्या पैशाने आणायचा. जेवणही पदरचं. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरायचे. प्रवासी त्यांना ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. मालकाचं नाव जॉर्ज म्हणून त्याच्या सगळ्या माणसांचं नाव जॉर्ज, जसं गुलामीत मालकाचं नाव गुलामाला चिकटायचं. कंपनी साध्या वेशातले हेर प्रवासी म्हणून डब्यात पाठवायची आणि पोर्टर कुठे चुकतो का ते पाहायची.

अशा कामाचा पगार किती असावा? १९१५मध्ये अमेरिकी सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे हा विषय निघाला तेव्हा महिन्याला साडेसत्तावीस डॉलर हा आकडा पुढे आला. एवढ्यात माणूस जगू शकत नाही हे कंपनीलाही ठाऊक होतं. उरलेलं प्रवासी देतात, हे तिचं उत्तर होतं. आयोगापुढे साक्ष द्यायला कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष आला होता. त्याचं नाव रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणाऱ्या अब्राहम लिंकनचा हा थोरला मुलगा.

टीपेवर जगणाऱ्या पोर्टरला प्रत्येक प्रवाशाचा चेहरा वाचावा लागे. कोण दिलखुलास, कोण तुसडा, कुणाला विनोद चालतो, कुणाला शिवी दिल्याशिवाय चैन पडत नाही. शिवी ऐकून हसावंही लागे, कारण उद्या सकाळी स्टेशन आलं की त्याच हातातून पंचवीस सेंट यायचे असत. पगार देणारा मालक दूर शिकागोत. पण लाचारी मात्र रोज, दर डब्यात, दर प्रवाशापुढे. १९२५मध्ये ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना उभी केली, ‘ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’. बारा वर्षं झगडून १९३७मध्ये त्यांनी कंपनीला करारावर सही करायला लावली. पगार वाढले आणि महिन्याचे ४०० तास २४०वर आले. त्यांना मोठी टीप नको होती, ठरलेला पगार हवा होता. याच रँडॉल्फने पुढे १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाची आखणी केली, ज्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाजलेलं भाषण झालं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीची एक मुळी अशी टीपेविरुद्धच्या लढ्यात आहे, आणि ही गोष्ट तिथल्या हॉटेलात २० टक्क्यांचा हिशेब करणाऱ्या फार थोड्यांना माहीत असते.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. १९१५मध्ये पुलमन कंपनीची चौकशी चालू होती, त्या वर्षी बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांनी ती चौकशी वाचली की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. पण तेरा वर्षांनी, मार्च १९२८मध्ये, मुंबई विधिमंडळात त्यांनी जे विधेयक मांडलं त्यातला युक्तिवाद पोर्टरांच्या कैफियतीशी थेट जुळतो. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं ते महार वतनाचं विधेयक होतं. महार वतनदार हा सरकारचा नोकर. सरकारी टपाल पोचवणं, अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहणं, वसुलीच्या वेळी बोलावणी करणं ही त्याची कामं, आणि त्यांना वेळेचं बंधन नाही. घरचा कर्ता हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला राबवायचं. मोबदला काय? थोडी इनाम जमीन, सरकारकडून नाममात्र मुशाहिरा, आणि बाकीचं पोट गावाने द्यायच्या बलुत्यावर. काम सरकारचं आणि पगार रयतेकडून. रयत खूश असेल तर खळ्यावर पेंढी मिळणार. महार सार्वजनिक तळ्यावर पाणी भरायला गेला, मेलेलं जनावर ओढायला नकार दिला, तर बलुतं बंद. आंबेडकरांचं म्हणणं होतं की बलुत्याचं रूपांतर रोख करात करा, तो सरकारने वसूल करावा आणि नोकराला सरकारनेच पगार द्यावा. म्हणजे नोकर आणि रयत यांच्यातला मर्जीचा धागा तोडा. विधेयक मंजूर झालं नाही. महार वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं.

बलुतं हा हक्क होता आणि टीप ही मर्जी, असा भेद कुणी काढेल. कागदावर तो बरोबर आहे. पण ज्या हक्काची अंमलबजावणी समोरच्याच्या रागलोभावर चालते तो हक्क व्यवहारात मर्जीच असतो. आंबेडकरांनी प्रश्न नेमका या जागी पकडला होता. टीपेवर लिहिलेल्या ढीगभर अमेरिकी पुस्तकांपेक्षा त्या एका विधेयकात हा प्रश्न मला जास्त स्वच्छ मांडलेला दिसतो.

अमेरिकेत टीपेविरुद्ध लाट आली नव्हती असं नाही. १९०९मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीपेवर बंदी घातली, पाठोपाठ मिसिसिपी, आर्कान्सॉ, आयोवा, साउथ कॅरोलायना, टेनेसी. १९१६मध्ये विल्यम स्कॉट याने या चालीविरुद्ध ‘द इचिंग पाम’ हे सबंध पुस्तक लिहिलं. लोकशाहीत एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरणं हा लोकशाहीलाच बट्टा आहे, असा त्याचा सूर. पण १९२६पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले होते. हात पसरण्यावर बंदी आणली, पसरायला लावणाऱ्या पगाराला कुणी धक्का लावला नाही, मग काय होणार?

त्यानंतरची गोष्ट भावनेची उरत नाही, कायद्याच्या कलमांची आणि अंकगणिताची होते. १९३८मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा देशव्यापी कायदा आला, तासाला २५ सेंट. हॉटेलं आणि रेस्तराँ त्यातून वगळलेली होती. १९६६मध्ये दुरुस्ती होऊन ती कायद्याखाली आली, पण एका सवलतीसह. कामगाराला टीप मिळत असेल तर किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम मालकाने टीपेतून धरून घ्यावी, अशी ती सवलत. गिऱ्हाइकाने खुशीने दिलेला पैसा मालकाच्या देण्यातून वजा होतो, असं देशव्यापी कायद्यात लिहिलं गेलं. इथे टीप बक्षीस राहिली नाही, ती पगाराची अधिकृत बाजू झाली.

१९९१मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होतं. त्याचे निम्मे २.१२५, म्हणजे २.१३ डॉलर. वेटरला मालकाने द्यायची ही किमान रक्कम. १९९६मध्ये किमान वेतन वाढवताना रेस्तराँमालकांच्या संघटनेने जोर लावला आणि वेटरांचा दर त्या वाढीपासून तोडून २.१३वरच गोठवला गेला. तो आजही तेवढाच आहे. बाकीच्यांचं किमान वेतन २००९पासून ७.२५ डॉलर आहे, त्यामुळे मधले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकाने भरायचे. ते भरले गेले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असं कायदा सांगतो, पण आपल्याला टीप कमी मिळाली हे मालकापुढे जाऊन सिद्ध करणारा वेटर दुसऱ्या आठवड्यात कोणत्या पाळीवर असेल याची कल्पना करता येते. १९९१मध्ये २.१३ डॉलरला जे येत होतं त्याला आज पाचेक डॉलर लागतात. पस्तीस वर्षांत अमेरिकेत ज्या थोड्या गोष्टी स्वस्त झाल्या त्यात वेटर हा एक आहे, निदान त्याच्या मालकापुरता.

टक्केवारी का चढली याचं उत्तर इथून मिळतं. शिष्टाचाराच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या एमिली पोस्ट यांनी १९२२मध्ये १० टक्के सांगितले होते. शतकाच्या मध्यावर १५ झाले, शतक संपता संपता १५ ते २०. आता कार्डाने पैसे भरायच्या पडद्यावर पहिलाच पर्याय १८ किंवा २० चा असतो. हे महागाईमुळे झालं, असं लोक सहज म्हणून जातात. जरा थांबून हिशेब केला की लक्षात येतं, महागाईने टक्के वाढायचं कारण नाही. जेवण महागलं की बिल वाढतं आणि टक्के तेच राहिले तरी टीप आपोआप वाढते. टक्केच वाढले याचा अर्थ वेटरच्या कमाईत मालकाचा वाटा घटत गेला आणि ते खिंडार गिऱ्हाइकाने बुजवलं.

ह्यूस्टन, डॅलस किंवा अटलांटाला मुलाकडे गेलेले आपले आई-वडील रेस्तराँमध्ये बिल आलं की मनात ऐंशी-नव्वदने गुणतात आणि जेवणाच्या किमतीत वाढप्याचा पगार नसतो का, असं विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. या शहरांच्या टेक्सास आणि जॉर्जिया राज्यांत तो खरोखरच जवळजवळ नसतो, तिथे २.१३च चालतात. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का या सात राज्यांत मात्र वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं आणि टीप वरची असते. तरीही कॅलिफोर्नियातल्या सान होजेच्या पडद्यावर तेच २० टक्के दिसतात जे डॅलसच्या पडद्यावर दिसतात. एकदा चाल पडली की ती आपल्या कारणापासून सुटी होते आणि स्वतःच्या पायांनी चालायला लागते. माझ्या म्हणण्याला हा अपवाद आहे आणि तो मान्य करायला हवा.

चालीला पाय फुटले त्यात यंत्राचा हात मोठा. न्यूयॉर्कच्या टॅक्सींमध्ये २००७च्या सुमारास कार्डाने पैसे घेणारे पडदे बसले आणि त्यावर टीपेचे तीन तयार आकडे झळकू लागले. लाखो फेऱ्यांच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये दाखवलं की सुचवलेले आकडे वरचे असले तर लोक जास्त टीप देतात. पण काहीच न देणाऱ्यांची संख्याही वाढते. म्हणजे काही लोक दबतात आणि काही चिडतात. मग दुकानांच्या गल्ल्यांवर टॅबलेट आले. कॉफी घेणारा उभा, मागे रांग, काउंटरवरची मुलगी पडदा त्याच्याकडे वळवते आणि नजर दुसरीकडे करते. टीप नको हे बटण बारीक अक्षरात, खाली. पूर्वी टेबलावर सुट्टे ठेवून निघून जाता यायचं, कुणी किती ठेवले ते मागाहून कळायचं. आता निर्णय तिच्या डोळ्यांदेखत, सेवा मिळण्याच्या आधीच, चार सेकंदांत घ्यायचा. करोनाच्या दिवसांत लोकांनी पार्सल घेतानाही मनापासून टीप दिली, कारण ती माणसं जीव धोक्यात घालून उभी होती. साथ ओसरली, पडदे तसेच राहिले. पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टीपेची अपेक्षा असते, असं प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकी प्रौढांनी सांगितलं.

हे मोडायचे प्रामाणिक प्रयत्न झाले. न्यूयॉर्कचे नामवंत हॉटेलमालक डॅनी मायर यांनी २०१५मध्ये आपल्या रेस्तराँमधून टीप बंद करायची घोषणा केली. दर वाढवले आणि पगारही वाढवले. त्यांचं मुख्य दुखणं वेगळंच होतं. टीपेमुळे बाहेर वाढणारा बरा कमावतो आणि आत भट्टीपाशी घाम गाळणारा कूक मागे पडतो, ही दरी त्यांना सलत होती. पण चांगले वेटर सोडून गेले, कारण महागड्या रेस्तराँमध्ये शुक्रवार-शनिवारच्या टीपेत जे मिळायचं ते ठरलेल्या पगारात भागेना. शिवाय वाढीव दराचं मेनूकार्ड पाहून गिऱ्हाइकाला ते हॉटेल महाग वाटायचं. वर वेगळी टीप द्यायची नाही हे त्याच्या लक्षात येईपर्यंत तो शेजारच्या दारात शिरलेला असायचा. जुलै २०२०मध्ये मायर यांनी टीप पुन्हा सुरू केली. वॉशिंग्टन डीसीत मतदारांनी २०१८मध्ये वेटरांना पूर्ण किमान वेतन द्यायचा ठराव मंजूर केला, तर नगर परिषदेने तो रद्द केला. विरोधकांत बरेच वेटर आणि बारटेंडरही होते. त्यांना दोष देणं मला जमत नाही. ज्या पगाराचा भरवसा कुणी कधी दिला नाही, त्यासाठी हातातली रोकड कोण सोडेल? पण टीपेवर जगणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि कॅन्टीनवजा हॉटेलात सकाळच्या पाळीला अंडी-ब्रेड वाढणारी बाई मॅनहॅटनच्या बारमधल्या तरण्या बारटेंडरएवढं कधीच कमवत नाही. गिऱ्हाइकाने दंडाला हात लावला तर ती किती बोलू शकते, हे त्या रात्रीच्या टीपेवर ठरतं.

फ्रान्सने ही गाठ साध्या रीतीने सोडवली. तिथे १९८७पासून मेनूवरच्या किमतीत सेवेचा आकार धरलेला असलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४पासून मालकाला टीपेतला एक पेनीही कापून घेता येत नाही. अमेरिकेने दुसरी वाट धरली. जुलै २०२५मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने टीपेच्या वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या कमाईवर २०२८पर्यंत प्राप्तिकरातून वजावट दिली. वेटरला दिलासा मिळाला, खरं आहे. पण २.१३ हा आकडा तसाच राहिला. आधी पगाराचा भार मालकाने गिऱ्हाइकावर टाकला होता, आता त्यात सरकारी तिजोरीनेही हातभार लावला.

आपल्याकडे टीप वाढली ती निराळ्या दाराने. दिवाळीची पोस्त आपल्याला ठाऊक होती. पोस्टमन, दूधवाला, गुरखा यांना वर्षातून एकदा. मुंबईच्या उडुपी हॉटेलांत दक्षिण कॅनरातून आलेली मुलं दिवसा टेबलं पुसत आणि रात्री कन्नड रात्रशाळेत बसत. त्यांना मिळायची ती चिल्लर. बडीशेप आणि खडीसाखरेच्या ताटलीत वेटर उरलेले पैसे आणून ठेवतो ते पाहण्यासारखं असतं. पन्नासची एक नोट परत द्यायची असेल तर ती तो कधी आणत नाही. दोन विशीच्या आणि वर दहाची सुटी नाणी आणतो. नोटा गिऱ्हाईक उचलेल आणि नाणी राहतील, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. यात कुणाला चलाखी दिसेल, मला त्यात पगाराची चिठ्ठी दिसते.

मग मोठ्या हॉटेलांनी बिलातच ‘सर्व्हिस चार्ज’ छापायला सुरुवात केली, बहुधा १० टक्के. दोन हजारांचं जेवण, त्यावर २०० रुपये सेवाशुल्क, आणि ५ टक्के जीएसटी लागतो तो २,००० वर नाही, २,२०० वर, म्हणजे ११०. एकूण २,३१०. सेवाशुल्कावरही कर भरून गिऱ्हाईक उठतं आणि पुष्कळदा तो सरकारी आकारच असावा असं समजतं, त्यामुळे वेटरला वेगळं काही ठेवत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०१७मध्ये सांगितलं की हा आकार ऐच्छिक आहे. जुलै २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलमालकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ला न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल देऊन दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च भरायला लावला. हा पैसा कर्मचाऱ्यांसाठी असतो, असा मालकांचा दावा होता. कर्मचाऱ्यांसाठीच असेल तर तो पगारात घालून थाळीचा दर तेवढा वाढवायला कुणाचीही हरकत नव्हती. दर ठरवायचं स्वातंत्र्य हॉटेलवाल्यांना कालही होतं, आजही आहे. पण दर वाढवला की तो मेनूवर दिसतो.

त्याच वर्षी मे महिन्यात उबरच्या ॲपमधला ‘ॲडव्हान्स टिप’चा प्रकार गाजला. गाडी मिळायच्या आधीच टीप कबूल करा, म्हणजे लवकर मिळेल. केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी तो अनैतिक ठरवला आणि प्राधिकरणाने नोटीस काढली. ज्या भाड्यात ड्रायव्हर यायला तयार होत नाही ते भाडं मुळात कमी आहे, एवढी साधी गोष्ट आहे ही. भाडं वाढवलं तर कंपनी महाग दिसते, म्हणून फरक प्रवाशाने टीप म्हणून द्यायचा. पुलमनचा हिशेबही हाच होता.

टीप ही पगारापेक्षा वेगळी आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये आयटीसीच्या खटल्यात स्पष्ट केलं. प्रश्न उद्गमी करकपातीचा होता. कार्डावरून आलेली टीप हॉटेलने वेटरला वाटली तर त्यातून पगारासारखा कर कापायचा का? न्यायालयाने नाही म्हटलं. टीप गिऱ्हाईक देतं, मालक नाही; मालकाकडून ती मिळण्याचा कर्मचाऱ्याला हक्क नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक आहे. त्याची दुसरी बाजू वेटरच्या निवृत्तीला दिसते. समजा एखाद्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत आणि महिन्याला सरासरी ८,००० रुपये टीप पडते. घर २०,००० वर चालतं, बायको-मुलांचा हिशेब २०,००० चा असतो. वीस वर्षांनी तो नोकरी सोडतो तेव्हा उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, निघतं ते वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराने, महिन्याचे २६ दिवस धरून, १२,००० वर. हातात येतात १,३८,४६१ रुपये. तेच २०,००० पगार म्हणून मिळाले असते तर २,३०,७६९ आले असते. भविष्यनिर्वाह निधीचंही तेच. आजारी पडून तो महिनाभर घरी बसला तर त्या महिन्यात त्याच्या ताटलीत नाणी पडत नाहीत, आणि मालकाच्या वहीत त्या ८,००० ची नोंदच नसल्यामुळे त्याला ती मागताही येत नाहीत.